पिग्ली विग्ली
पिग्ली विग्ली : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, मुख्यतः दक्षिणेकडील राज्यांत पसरलेली किराणा दुकानांची साखळी. क्लॅरेन्स सॉन्डर्स (१८८१–१९५३) याने ती टेनेसी राज्यातील मेंफिस शहरात १९१६ साली सुरू केली. पहिले दुकान उघडल्याची तारीख कंपनी ६ सप्टेंबर मानते. काही ठिकाणी ११ सप्टेंबर अशीही नोंद आढळते. नावाच्या उगमाबद्दल एकमत नाही. रेल्वेतून जाताना कुंपणाखालून निसटू पाहणारी डुकराची पिल्ले सॉन्डर्सला दिसली व त्यावरून नाव सुचले, असे सांगतात. मात्र ही कथा मागाहून रचलेली वाटते. ‘असे नाव का?’ हा प्रश्न लोकांनी विचारावा म्हणूनच हे नाव ठेवले, हे त्याचे म्हणून सांगितले जाणारे उत्तर त्याच्या जाहिरातप्रिय स्वभावाला अधिक जुळते.

त्या काळी गिऱ्हाईक यादी सांगे आणि नोकर फळीवरचा माल काढून, तोलून, बांधून देई. सॉन्डर्सने ही मधली फेरी काढून टाकली. फिरत्या फाटकातून आत शिरायचे, टोपली घ्यायची, मांडण्यांमधून वळत जाणाऱ्या एकाच वाटेने सगळे दुकान पार करायचे आणि शेवटी पैसे चुकते करायचे, अशी त्याची योजना होती. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असे. वाट एकच असल्याने यादीत नसलेला मालही नजरेखालून जाई. या रचनेचे खरे मर्म तेच. तिला ९ ऑक्टोबर १९१७ रोजी पेटंट (क्र. १२,४२,८७२) मिळाले. एखाद्या यंत्राऐवजी दुकानाच्या मांडणीलाच मिळालेले हे पेटंट व्यापाराच्या इतिहासात फार मोलाचे आहे.

स्वतः माल उचलण्याची दुकाने कॅलिफोर्नियात १९१२ च्या सुमारास होती. त्यामुळे पिग्ली विग्लीबद्दल केला जाणारा ‘पहिले स्वयंसेवा दुकान’ हा दावा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. पद्धतीला पक्की घडण देऊन ती देशभर नेण्याचे श्रेय मात्र सॉन्डर्सचेच. पहिले सुपरमार्केट म्हणून स्मिथसोनियन संस्थेने न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात १९३० साली निघालेल्या किंग कलनला मान दिला आहे. स्वयंसेवेबरोबर स्वतंत्र विभाग, उतरते भाव आणि घाऊक उलाढाल या कसोट्या लावल्या, तर तो योग्यच ठरतो.

साखळीची दुकाने १९२२ पर्यंत सुमारे १,२०० झाली व तिचे समभाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात आले. न्यूयॉर्ककडील काही परवानाधारक दुकाने बुडताच मंदीवाल्यांनी, म्हणजे भाव पडेल असा अंदाज बांधणाऱ्या सटोडियांनी, हाती नसलेले समभाग आगाऊ विकले. ते त्यांना पुढे खरेदी करून द्यावे लागणार होते. सॉन्डर्सने कर्ज काढून जवळजवळ सर्व समभाग खरेदी केले. मार्च १९२३ मध्ये भाव १२४ डॉलरपर्यंत चढला, तेव्हा बाजाराने व्यवहार थांबवून या विक्रेत्यांना समभाग आणून देण्याची मुदत वाढवून दिली. कर्जात बुडालेल्या सॉन्डर्सला त्याच वर्षी कंपनी सोडावी लागली. त्याचा गुलाबी संगमरवराचा अपुरा वाडा मेंफिस शहराकडे गेला. तेथे पुढे वस्तुसंग्रहालय झाले.

पुढे साखळीची मालकी विभागली गेली. आज दुकाने बहुधा स्थानिक मालकांची असून ती परवान्याने हे नाव वापरतात.