‘मुलांचं काय?’ : परदेशी सेवेतल्या घरसंसाराची पार्श्वभूमी

खानापूर, निपाणी किंवा बेळगाव कॅम्पातलं एखादं जोडपं लहान मुलांना घेऊन ख्रिस्ती मिशनच्या परदेशी सेवेला निघालं, की चर्चच्या मंडळीत त्यांच्यासाठी प्रार्थना होते, निरोपाचं जेवण होतं, आणि मग घरातली आजी विचारते, “सगळं खरं, पण मुलांचं काय?” निघणाऱ्यांच्या हातात त्याचं उत्तर म्हणून आज एक यादी पडते. लशी, जन्मदाखले, मच्छरदाणी, औषधांची पेटी, शाळेची सोय. वाचायला रुक्षच. पण तिच्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणाच्या तरी लेकराच्या आजारपणातून नाहीतर ताटातुटीतून आलेली आहे. आणि यातलं बरंच काही आपल्याच मुलखात घडलं, कारण तेव्हा ‘परदेश’ म्हणजे बेळगाव, धारवाड, मुंबई होतं.

सुरुवात समुद्रापासून करावी लागते. १८१२ साली अमेरिकेहून निघालेल्या पहिल्या मिशनरी तुकडीत हॅरिएट न्यूवेल होती. कलकत्त्यात कंपनी सरकारने राहू दिलं नाही, म्हणून नवरा-बायको मॉरिशसकडे निघाले. वाटेत बोटीवरच ती बाळंत झाली. बाळ काही दिवसांत गेलं आणि ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसमध्ये तीही गेली. वय १९. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला पोचले आणि अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. १८२५ मध्ये मुलांच्या प्रकृतीसाठी त्यांच्या पत्नी दोन मुलगे घेऊन अमेरिकेला निघाल्या. थोरला वाटेतच वारला. पुढच्या वर्षी हॉल स्वतः नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून जाणारी ती बोट चार-पाच महिने घ्यायची. पिंपातलं पाणी महिन्याभरात शेवाळायचं, दुधासाठी शेळी बरोबर न्यावी लागायची आणि ती मेली की बाळाचं दूध बंद.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं. बळ्ळारीहून जोसेफ टेलर इथे आले, पुढे विल्यम बेनन आले. बेनन-स्मिथ शाळेच्या नावातले बेनन ते हेच. किल्ला इंग्रजांच्या हाती येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि गाव पलटणीभोवती वाढत होतं. हवा मुंबई-मद्रासच्या मानाने थंड, साडेसातशे मीटर उंची, म्हणून गोऱ्या कुटुंबांना बेळगाव सोसायचं. तरी बाळांना खरा धोका उन्हाचा नव्हताच, तो हगवणीचा आणि हिवतापाचा होता. दोन्हींचं कारण कुणालाच माहीत नव्हतं. हिवताप दूषित हवेने होतो असं मानत, म्हणून संध्याकाळी दारं-खिडक्या घट्ट लावून मुलांना कोंदट खोलीत निजवत. पटकी टाळायला पोटाला फ्लॅनेलचा पट्टा बांधत. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात असतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत १८९७ मध्ये दाखवलं. तोवर मच्छरदाणी होती, पण ती झोपमोड होऊ नये म्हणून.

काही गोष्टी मात्र कारण न कळताही बरोबर जमल्या होत्या. दूध दारात काढून लगेच उकळायचं, पाणी उकळून झाकून ठेवायचं, पाळण्याच्या आणि फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून मुंग्या अडवायच्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावचा पाऊस थांबत नाही. तेव्हा लंगोट शेगडीवर उलटी टोपली ठेवून तिच्यावर वाळवायचे. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायला आजही ही युक्ती आपल्याकडे कुणाला नवी नाही.

या सगळ्यात घर चालवायची ती आया. हा शब्द पोर्तुगीज ‘आइआ’वरून आलेला, म्हणजे गोव्याच्या वाटेने आपल्यापर्यंत पोचलेला. मूल बोलायला शिकायचं ते तिच्याच भाषेत, मग ती मराठी असो, कोकणी, कानडी की तमिळ. पुष्कळ आईबापांना याची धास्ती वाटे. मूल ‘देशी’ होईल, शिस्त बिघडेल, इंग्रजी मोडकं राहील. पत्नीला मिशनच्या कागदोपत्री स्वतंत्र मिशनरी धरत नसत. हॉल यांना धाडणाऱ्या अमेरिकन बोर्ड या संस्थेच्या याद्यांत ती ‘साहाय्यक’. म्हणजे मुलींची शाळा, आजाऱ्यांना औषध, बायकांच्या भेटी हे सगळं तिनेच करायचं, आणि मूल आजारी पडलं तर कामात खंड पडला म्हणून तिनेच खंत करायची.

मुलं सहा-सात वर्षांची झाली की मायदेशी धाडायची, हा त्यातूनच निघालेला नियम. लंडनजवळ मिशनऱ्यांच्या मुलींसाठी वॉल्थमस्टो हॉल ही शाळा १८३८ साली निघाली. मुलग्यांसाठी १८४२ साली जी निघाली, तीच पुढे एल्थम कॉलेज झाली. धारवाड-हुबळीकडे १८३७ पासून आलेल्या बासेल मिशनने तर हे नियमातच बांधून टाकलं. मुलांना युरोपात पाठवायचं आणि बासेलमध्ये मिशनच्या बालगृहात ठेवायचं. मलबारात १८४२ साली जन्मलेली मारी गुंडर्ट अशीच लहानपणी युरोपात ठेवली गेली आणि आईबापांजवळ परत आली ती १८५७ मध्ये, पंधराव्या वर्षी. हेर्मान हेसे या जर्मन कादंबरीकाराची ती आई. ‘कामासाठी त्याग’ असं याला म्हणायची पद्धत होती. त्याग मुलांचा होता, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे तेव्हा फार थोड्यांना सुचलं.

१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि विलायतेचा प्रवास तीन आठवड्यांवर आला. त्यामुळे ताटातूट थांबली नाही, सोपी झाली. आया मुलांना पोचवायला बोटीने जायची आणि पुष्कळदा तिकडे पोचल्यावर परतीच्या तिकिटाविना उभी राहायची. अशा आयांसाठी लंडनच्या हॅकनी भागात लंडन सिटी मिशनने वसतिगृह चालवलं होतं. आमच्या मते या इतिहासातलं सगळ्यात दुर्लक्षित पान हेच. मुलांची ताटातूट पुस्तकांत आली, आयेच्या स्वतःच्या मुलांची नाही.

दुसरी वाट डोंगरातली होती. मसुरीचं वुडस्टॉक १८५४ चं, कोडईकनालची मिशनरी मुलांची शाळा १९०१ ची. बेळगावचं काम १९०४ मध्ये लंडनवाल्यांकडून अमेरिकन मेथडिस्टांकडे आलं, तोवर मुलाला समुद्रापार न पाठवता देशातच शिकवणं शक्य झालं होतं. एप्रिल-मेमध्ये मुलांच्या माता कोडईला जाऊन राहायच्या आणि हिवाळ्यात लांब सुट्टीसाठी मुलं घरी यायची. ज्यांना तेही नको होतं, त्यांच्यासाठी बाल्टिमोरच्या काल्व्हर्ट शाळेने १९०६ पासून टपालाने घरगुती अभ्यासक्रम द्यायला सुरुवात केली. पुस्तकं, पेन्सिली, रोजचा पाठ, सगळं एका पेटीत. आईने रोज सकाळी दोन-तीन तास जेवणाच्या टेबलावर शाळा भरवायची. आज परदेशी सेवेतलं घर ‘होमस्कूलिंग’ करतं त्याचा सांगाडा तोच आहे. बिघडतंही तिथेच: पाहुणा आला, कुणी आजारी पडलं, की पहिला बळी सकाळच्या पाठाचा जातो.

१९५० च्या दशकात भारतात परदेशी मिशनऱ्यांच्या व्हिसावर बंधनं येत गेली आणि दिशा उलटली. भारतीयांची नॅशनल मिशनरी सोसायटी १९०५ मध्ये सेरामपूरला निघाली होतीच, १९६५ मध्ये इंडियन इव्हँजेलिकल मिशनही निघालं. भारतीय मिशनरी कुटुंबांनीही मुलांच्या शाळेचा प्रश्न पहिल्यांदा वसतिगृहानेच सोडवला. तमिळनाडूत दोनावूरचं संतोष विद्यालय हे त्याचं ठळक उदाहरण. हल्ली मात्र नर्स, शिक्षक, पाळक म्हणून आफ्रिकेत वा आखातात जाणारं जोडपं मूल बरोबरच नेतं, आणि म्हणून आजीच्या प्रश्नाचं उत्तर रोजच्या घरकामात द्यावं लागतं.

कागदांपासून बघू. पूर्वी चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर हाच जन्माचा पुरावा असायचा. आता १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या पासपोर्टला फक्त जन्मदाखला चालतो. सीमाभागात अडचण नावाची होते. महाराष्ट्राच्या वळणाने मुलाचं, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहिलेलं असतं, तर कर्नाटकातल्या दाखल्यावर आडनाव नुसत्या आद्याक्षरात किंवा नावाच्या आधी येतं. एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं झालं की व्हिसा अडतो. दुरुस्ती पासपोर्टच्या आधी करून घ्यावी, नंतर दोन्हीकडे खेटे पडतात. मूल परदेशात जन्मलं तर एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. बाळंतपणाच्या गडबडीत हे वर्ष निघून जातं.

लशींत दोन खाचा आहेत. आपल्या सरकारी वेळापत्रकात ९ महिन्यांना आणि दीड वर्षाच्या आसपास गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची नाही. अनेक देशांतल्या शाळा तिन्ही असलेली एमएमआर मागतात, आणि पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस कित्येक ठिकाणी मोजत नाहीत. पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि ९ महिन्यांखालच्या बाळाला सहसा देत नाहीत. २०१६ पासून तिचा दाखला आयुष्यभर चालतो. ही आणि एमएमआर दोन्ही जिवंत लशी, त्यांच्यात साधारण ४ आठवडे ठेवतात. म्हणजे तिकीट काढल्यावर लशींचा विचार करणं म्हणजे उशीरच.

हगवणीचं उत्तर मिळायला दीडशे वर्षं लागली आणि ते आपल्या बाजूलाच मिळालं. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालातल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखर-पाण्यावर माणसं जगवली. तेच आज ओआरएसच्या पाकिटात मिळतं. पाकीट १ लिटरचं असेल तर १ लिटरातच घालायचं. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ओतलं तर क्षार जास्त होऊन बाळाला अपाय होतो. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा ५ मिलिलिटरचा, आपल्या पोह्यांचा नव्हे.

तापाच्या औषधातही घोटाळा चमच्याचाच होतो. पॅरासिटामॉल वजनावर मोजतात, दर किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी. आपल्याकडे सिरप ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅमचं मिळतं, थेंबांची बाटली १ मिलिलिटरला १०० ची. परदेशात १२० किंवा १६० मिळेल. ‘घरी एक चमचा द्यायचो’ हे गणित तिथे चालत नाही. बाटलीवर मुलाचं वजन आणि मिलिलिटर लिहून चिकटवावं, आणि वजन बदललं की चिठ्ठी बदलावी.

हिवतापाबद्दल बेळगावकरांना एक गैरसमज भोवतो: डास आपल्याला नवे नाहीत. आफ्रिकेतला फाल्सिपेरम जातीचा हिवताप पाच वर्षांखालच्या मुलाला दोन दिवसांत गंभीर करू शकतो. प्रतिबंधक गोळ्या वजनाप्रमाणे असतात, ८ वर्षांखाली डॉक्सीसायक्लिन देत नाहीत, आणि सुट्टीत बेळगावला उतरल्यावरही त्या काही दिवस, काही गोळ्या तर चार आठवडे, घ्यायच्या असतात. परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य देशाचं नाव सांगायचं.

आणि लंगोट. सहारापलीकडच्या आफ्रिकेत टुंबू नावाची माशी ओलसर कपड्यांवर अंडी घालते. अळ्या कातडीत शिरतात, बाळाच्या ढुंगणावर नि कमरेवर फोडासारखी गाठ येते आणि मधोमध बारीक छिद्र दिसतं. म्हणून बाहेर वाळवलेला प्रत्येक कपडा कडक इस्त्रीखाली जातो. लंगोट सपाट पसरायचा, आधी उलटी बाजू, मग सुलटी, मग दुमडलेल्या शिवणीवर इस्त्री थोडी दाबून धरायची, इलास्टिकच्या चुण्या बोटांनी ताणून. चूक होते ती तिथेच: मधला भाग कडक होतो आणि शिवण ओलसर राहते, अंडी नेमकी शिवणीत असतात. वीज नसेल तर कपडे घरातच, जाळी लावलेल्या खोलीत वाळवावेत.

खाण्याचं तुलनेने सोपं. पूर्व आफ्रिकेला जाताना बॅगेत नाचणीचं सत्त्व कोंबण्याची गरज नाही. नाचणी मुळात तिकडचीच. स्वाहिलीत तिला विंबी म्हणतात आणि तिची पातळ पेज म्हणजे उजी, जी तिथलं बाळ रोज खातं. मोड आणायचे तर १२ तास भिजवून, फडक्यात दिवस-दीड दिवस बांधून, वाळवून, मंद आचेवर भाजून दळावी. पूर्ण न वाळता दळली तर पीठ आंबतं.

भाषेचा प्रश्न मात्र उलटा फिरून आपल्याकडेच येतो. रूथ हिल यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात भारतात येऊन अशा कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. आईबापांची संस्कृती एक, भोवतालची दुसरी, आणि मुलांची या दोन्हींतून निघालेली तिसरी, असं त्यांनी मांडलं. बेळगावच्या मुलाला यात नवं काहीच नाही. घरी मराठी, गल्लीत कानडी, शाळेत इंग्रजी हे त्याला दुधाच्या दातांपासून येतं. पण परदेशात मराठी घरात राहते, आजीशी फोनवर टिकते, इंग्रजी शाळेत वाढते, आणि कानडी पार सुटते. मग चार-पाच वर्षांनी कुटुंब परत आलं की तेच अडतं, कारण २०१५ च्या कायद्यानुसार कर्नाटकातल्या शाळांत कानडी शिकावीच लागते. परतण्याच्या वर्षभर आधी, रोज पंधरा मिनिटं, वर्णमाला सुरू करावी. मराठी वाचणाऱ्या मुलाला क, ख, ग, घ ची ओळ ओळखीची वाटते, ळ सुद्धा. अडखळतं ते स्वरांत. कानडीत ‘ए’ ऱ्हस्वही असतो आणि दीर्घही, ‘ओ’चंही तसंच. तोंडाने दोन्ही म्हणून घेतल्याशिवाय हात ती अक्षरं वेगळी काढत नाही.