एक्सेल अडकलंय, पण कुठल्या डेस्कटॉपवर?

नाशिकमध्ये द्राक्षांच्या निर्यातीचा हंगाम आणि मार्च एंडिंग एकदमच येतात. पिंपळगाव बसवंतचं पॅकहाऊस असो की सातपूरच्या कारखान्याचं अकाउंट्स खातं, एकाच स्क्रीनवर पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस, जीएसटी पोर्टल आणि आउटलुकची गर्दी होते. अशा वेळी कामागणिक वेगळा व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच मॉनिटरवर अदलाबदल करता येणारा वेगळा पडदा, ठेवणं खरोखर सोयीचं असतं. मग एक दिवस डबल क्लिक करूनही फाइल उघडत नाही, आणि ऑफिस काढून पुन्हा टाकण्यात अर्धा दिवस जातो. बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. आधी पाहायचं ते हे डेस्कटॉप बनवणारी तुमची युटिलिटी कोणत्या जातीची आहे.

विंडोज १० मधला टास्क व्ह्यू किंवा व्हर्च्युआविन या युटिलिटी विंडो फक्त लपवतात. आतून सगळे प्रोग्राम एकाच डेस्कटॉपवर असतात. २००८ साली आलेली सिसइंटर्नल्सची (मायक्रोसॉफ्टचा मोफत टूल्सचा संच) 'डेस्कटॉप्स' ही युटिलिटी मात्र विंडोजकडून खरोखरच स्वतंत्र डेस्कटॉप तयार करून घेते, जास्तीत जास्त चार. विंडोजचा नियम असा की एका डेस्कटॉपवरचा प्रोग्राम दुसऱ्या डेस्कटॉपवरच्या विंडोला मेसेज पाठवू शकत नाही. ऑफिसचं घोडं इथेच अडतं. एक्सेल आधीपासून चालू असेल, तर डबल क्लिक केलेली फाइल सहसा त्या चालू एक्सेलकडेच सोपवली जाते. ते पलीकडच्या डेस्कटॉपवर असेल, तर निरोप पोचत नाही आणि कमांड पाठवता आली नाही अशी एरर येऊ शकते. कॉपी-पेस्ट मात्र चालतं, कारण क्लिपबोर्ड सगळ्या डेस्कटॉपना सामाईक असतो.

यावर उपाय म्हणजे त्या डेस्कटॉपवर एक्सेलची वेगळी प्रत सुरू करणं. आल्ट दाबून धरून एक्सेल उघडा आणि नवी प्रत सुरू करायची का, असा प्रश्न येईपर्यंत बोट उचलू नका. 'हो' म्हणा, मग फाइल मेनूतल्या ओपनमधून फाइल घ्या. याची किंमत आहे: दोन प्रतींमध्ये पेस्ट केल्यावर आकडे जातात, फॉर्म्युले जात नाहीत. दर आणि इन्व्हॉइसच्या शीट एकमेकींशी जोडलेल्या असतील, तर त्या एकाच प्रतीत उघडाव्यात. विंडो लपवणाऱ्या युटिलिटीवरही डबल क्लिकनंतर रिकामं एक्सेल उघडत असेल, तर ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, जनरल इथे जा आणि डीडीई (प्रोग्रामनी एकमेकांना निरोप देण्याची जुनी पद्धत) वापरणाऱ्या इतर प्रोग्रामकडे दुर्लक्ष करण्याची खूण काढा.

दुसरी तक्रार शॉर्टकटची. सिसइंटर्नल्सच्या युटिलिटीत आल्ट आणि १ ते ४ हे आकडे डेस्कटॉप बदलतात. वर्ड-एक्सेलमध्ये हीच बटणं वरच्या क्विक अॅक्सेस पट्टीतल्या कमांड चालवतात. युटिलिटीने बटणं आधी नोंदवून घेतलेली असल्यामुळे ती ऑफिसपर्यंत पोचतच नाहीत. युटिलिटीच्या सेटिंगमध्ये ऑफिस वापरत नाही अशी वेगळी बटणं निवडून हा झगडा मिटवा.

एक्सेल गोठल्यासारखं वाटलं, सेलवर क्लिक केलं की नुसता 'डिंग' आवाज येतो, तर ते बंद पाडू नका. एखादा डायलॉग उत्तराची वाट पाहत असतो आणि तो लपलेला असतो. टास्क व्ह्यू वापरत असाल, तर विंडोज आणि टॅब दाबून प्रत्येक डेस्कटॉप पाहा; दुसरी युटिलिटी असेल, तर तिच्या शॉर्टकटने.

एवढं करूनही प्रोग्राम कोसळत असेल, तर कंट्रोल दाबून धरून एक्सेल सेफ मोडमध्ये उघडा. तिथे नीट चाललं तर संशय अॅड-इनवर (एक्सेलला जोडलेल्या जादा प्रोग्रामवर) घ्या आणि ऑप्शन्समधून सीओएम अॅड-इन एकेक करून बंद करत जा. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या अॅप्लिकेशन लॉगमध्ये १००० क्रमांकाची नोंद क्रॅशची, १००२ ची हँग झाल्याची. १००० च्या नोंदीत फॉल्टिंग मॉड्यूलचं नाव असतं, त्यावरून दोषी फाइलचा माग लागतो.

युटिलिटी काढून पाहायची असेल, तर आधी चारही डेस्कटॉपवर जाऊन फाइली सेव्ह करा. सिसइंटर्नल्सच्या डेस्कटॉपना मधूनच बंद करायची सोय नाही. ते लॉग ऑफ केल्यावरच जातात.