ट्यूब डिस्को करायलीय, पण डिस्को म्हणजे काय?

आमच्या सोलापुरात ट्यूब फडफडायला लागली की कुणीतरी म्हणतंच, "ट्यूब डिस्को करायलीय बे, स्टार्टर बदल." परवा काकांच्या कारखान्यात असंच झालं, मागांच्या खडखडाटात काका ओरडून सांगत होते आणि माझ्या भाचीनं कानाशी येऊन विचारलं, मामा, डिस्को म्हणजे नाच ना, मग ट्यूब कशी काय करते?

प्रश्न मला फार आवडला, कारण या शब्दाच्या मुळाशी नाच नाहीच आहे. मुळाशी आहे एक थाळी.

ग्रीक भाषेत डिस्कॉस म्हणजे खेळात फेकायची जड चकती, आणि त्या शब्दाचं नातं फेकणे या क्रियापदाशी लावतात. आपण त्या खेळाला थाळीफेक म्हणतो, म्हणजे मराठीनं नेमकी तीच वस्तू डोळ्यासमोर धरली. ग्रीकमधून तो लॅटिनमध्ये गेला, तिथून इंग्रजीत आला आणि त्याच्यातूनच जेवणाची डिश झाली, लिहायचं डेस्क झालं आणि गाण्याची डिस्क पण झाली. त्या डिस्कला आपल्याकडे काय म्हणायचे? तबकडी! तबक म्हणजे ताट, तबकडी म्हणजे छोटं ताट. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी पोचल्या, मला तरी हे वाचून अंगावर काटा आला होता. (उडती तबकडी पण आठवा, तिथं तर फेकलेली थाळी परत आली.)

आणि ही तबकडी आपल्या मातीला अगदीच परकी नव्हती बरं का. सपाट तबकडीवाला ग्रामोफोन एमिल बर्लिनर यांनी 1887 साली अमेरिकेत आणला, पुढं मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या ज्या जुन्या रेकॉर्ड आल्या त्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून बनायच्या, आणि लाख हा पळस, बोर, कुसुम असल्या झाडांवर राहणाऱ्या किड्यांचा स्राव, त्यातली पुष्कळशी भारतातनंच जायची. 1948 नंतर प्लॅस्टिकच्या एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्ड आल्या आणि लाख मागं पडली.

आता फ्रेंच लोकांनी काय केलं, त्यांच्याकडं ग्रंथालयाला बिब्लिओथेक म्हणतात, त्याच साच्यात डिस्कोथेक शब्द पाडला, म्हणजे तबकड्यांचा संग्रह, आपल्या भाषेत तबकडीघर म्हणा. मग पॅरिसमध्ये वादक न बोलावता नुसत्या रेकॉर्ड लावून लोक नाचायचे अशा क्लबांना ते नाव चिकटलं. 1960च्या दशकात इंग्रजीत त्याचं शेपूट तुटून डिस्को उरलं, 1970च्या दशकात तिथं वाजणाऱ्या संगीताचंच ते नाव झालं, मग नाचाचं, मग दिव्यांचं. वस्तूवरनं जागा, जागेवरनं गाणं. मराठी व्याकरणात याला लक्षणा म्हणतात आणि आपण ती रोज वापरतो, "अख्खं सोलापूर गड्ड्याला लोटलंय" म्हणतो तेव्हा गाव काही उठून जत्रेला जात नाही, माणसं जातात.

संगीत झालेल्या डिस्कोची खूण म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका. चार मात्रा, चारही मात्रांवर एकसारखा दणका, वेग साधारण मिनिटाला 120, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. माणूस झपझप चालतो तेव्हा पावलंही जवळपास याच वेगानं पडतात, म्हणून असं गाणं लागलं की नाच न येणाऱ्याचा पण पाय हलतो असं मला वाटतं. बंद पडलेल्या हृदयाला छाती दाबून प्रथमोपचार देतात तेव्हाही मिनिटाला 100 ते 120 वेळाच दाबायचं असतं, त्यामुळे या वेगाचं गाणं डोक्यात असलं तर हात चुकत नाही. भाचीनं तिथंच मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मागात इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याचे मिनिटातले ठोके मोजले, एका मागाचे 112 भरले! मग तिनं शेजारचा माग मोजला, तो थोडा हळू होता.

दिव्यांकडं शब्द गेला तो आरशाच्या गोळ्यामुळं. त्या गोळ्यावर शेकडो छोटे सपाट आरसे चिकटवलेले असतात, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला, त्यामुळे एका दिव्याचे शेकडो कवडसे होतात. गोळा हळूहळू फिरतो पण कवडसे मात्र भिंतीवर पळतात, कारण आरसा वळला की परावर्तित किरण साधारण दुप्पट कोनातनं वळतो, आणि भिंत जितकी लांब तितकी त्याची धाव मोठी. ते बघितलेल्या माणसाला लुकलुकणारं काहीही दिसलं की डिस्को आठवणारच.

राहिली ट्यूब. तिच्या स्टार्टरमध्ये धातूच्या पट्ट्या असतात, त्या तापून वाकतात, चिकटतात, गार झाल्या की सुटतात, आणि सुटतानाच्या झटक्यानं ट्यूब पेटते. स्टार्टर म्हातारा झाला की हे चिकटणं-सुटणं थांबतच नाही आणि ट्यूब नुसती पेट-विझ करत राहते. काकांनी स्टुलावर चढून जुना स्टार्टर फिरवून काढला, नवा बसवला आणि ट्यूब लागली. भाचीनं जुना स्टार्टर मागून घेतला, आतल्या पट्ट्या बघायला.