‘थोडी घेतली की छान झोप लागते’ : खुलासा

रात्री एखादा पेग घेतला की गाढ झोप लागते, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. त्यातलं अर्धंच खरं आहे. दारूने डोळा लवकर लागतो. पण ती गुंगी असते, नीट झोप नव्हे.

गडबड पुढे होते. रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप, म्हणजे ‘रेम’, दबते. मग शरीर दारू पचवत जातं तशी गुंगी उतरते आणि पहाटे तीन-चारला माणूस टक्क जागा होतो. तोंडाला कोरड, छातीत धडधड, लघवीला जायची घाई. घशाचे स्नायू सैलावल्याने घोरणं वाढतं. झोपेत श्वास अडकणाऱ्यांना तर हे धोक्याचंच. आणि झोपेच्या गोळीसोबत दारू? कधीच नाही, त्याने श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

सवयीने तोच परिणाम मिळायला जास्त दारू लागते, हे मला सर्वांत काळजीचं वाटतं.

त्यापेक्षा रोज ठरावीक वेळी उठा, रात्री कितीही कमी झोप झाली तरी. वीसेक मिनिटांत झोप येत नसेल तर कूस बदलत पडून राहू नका. उठा, मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत आडवे व्हा. महिनोन्‌महिने झोप लागत नसेल तर डॉक्टरांना ‘सीबीटी-आय’ या, झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलणाऱ्या उपचाराबद्दल विचारा. रोज पिणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना न विचारता दारू एकदम बंद करू नये.