वाटेल त्याचा डाव : पोकरच्या प्रकारांची पार्श्वभूमी

घरी मित्रमंडळी पोकरला बसली की पत्ते पिसता पिसता एक जण जाहीर करतो, "आता ओमाहा," आणि बाकीचे माना डोलावतात. या रीतीला 'डीलर्स चॉइस' म्हणतात. पानं वाटण्याची पाळी ज्याची, खेळाचा प्रकारही त्यानेच निवडायचा. पोकरचा सगळ्यात अस्सल भाग मला हाच वाटतो, कारण हा खेळ कुणा एकाने बसून रचलेला नाही. खेळता खेळता अडलं, तिथे लोकांनी नियम बदलले.

सुरुवातीला अडलं ते माणसांवरून. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्समध्ये आणि मिसिसिपी नदीतल्या वाफेच्या बोटींवर पोकर रुजला, तेव्हा त्यात 20च पानं असत: एक्के, राजे, राण्या, गुलाम आणि दश्श्या. जोसेफ कॉवेल या इंग्रज नटाने डिसेंबर 1829 मध्ये बोटीवर पाहिलेल्या अशा खेळाबद्दल लिहून ठेवलं आहे. चौघांना पाच-पाच पानं दिली की गड्डी संपली, पाचव्याने नुसतं बघत बसायचं. पुढे 52 पानांची गड्डी आली, जास्त माणसं बसू लागली आणि हातातली नकोशी पानं टाकून नवी घेता येऊ लागली. हाच 'ड्रॉ'.

20 पानांच्या खेळात आणखी एक खोट होती, आणि ती मला फार मोलाची वाटते. चार एक्के आले, किंवा चार राजे आणि जोडीला एक एक्का, की तो माणूस हरूच शकत नसे. आपण जिंकणार हे पक्कं ठाऊक असताना मित्राकडून पैसे लावून घ्यायचे, ही पैज कसली? पुढे स्ट्रेट, म्हणजे क्रमाने येणारी पाच पानं, मान्य झाली, तीही सहजासहजी नाही. मग एकाच रंगाची स्ट्रेट, म्हणजे स्ट्रेट फ्लश, चार एक्क्यांच्या वर बसली. आता सर्वांत वरची रॉयल फ्लश, म्हणजे दश्शीपासून एक्क्यापर्यंतची स्ट्रेट फ्लश, हाती असली तरी दुसऱ्या रंगाची तशीच समोरून येऊ शकते. शक्यता नगण्य, पण खात्री गेली ती गेलीच.

अमेरिकी यादवी युद्धाच्या सुमारास 'स्टड' हा प्रकार पसरला. त्यात काही पानं उघडी पडतात आणि दर पानागणिक नवी बोली लागते. पण सात पानांच्या स्टडमध्ये आठ जण शेवटपर्यंत टिकले तर 56 पानं लागतील, आणि गड्डीत असतात 52! सामायिक पानांनी ही अडचण मिटवली. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोनच पानं, मधली पाच सगळ्यांची. या खेळाचं जन्मगाव म्हणून टेक्सासच्या विधिमंडळाने 2007 मध्ये रॉब्सटाउनला मान दिला. 2003 मध्ये ऑनलाइन पात्रता खेळून आलेल्या ख्रिस मनीमेकर या अकाउंटंटने 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' या स्पर्धामालिकेतली मुख्य स्पर्धा आणि 25 लाख डॉलर जिंकले, आणि घरोघरी होल्डेमच सुरू झाला. त्या लाटेत घरगुती खेळातले इतर प्रकार मागे पडले, याचं मला वाईट वाटतं.

ओमाहा होल्डेमचाच भाऊ. हातात चार पानं, पण त्यातली नेमकी दोन आणि मधली तीन वापरायची. वाद होतो तो इथेच: हातात चार बदाम आणि मध्ये एकच बदाम असेल, तर पाच बदाम दिसतात खरे, पण फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, होत नाही. म्हणून पहिलं पान पडण्याआधीच वाटणाऱ्याने हे मोठ्याने सांगायचं असतं.