लँकेस्टरची फिलिपा : पोपच्या परवानगीआधीचे लग्न आणि त्यावर उभे राहिलेले घराणे

पोर्तुगालची राणी फिलिपा हिची ओळख बहुतेक ठिकाणी तिच्या मुलांवरून करून दिली जाते. हेन्री द नॅव्हिगेटरची आई, दुआर्त राजाची आई, बर्गंडीच्या डचेसची आई. तिच्यामुळे इंग्लंड आणि पोर्तुगालची मैत्री पक्की झाली, हेही सांगितले जाते. ते सगळे खरे आहे. पण ज्या लग्नातून ही मुले झाली, ते लागले त्या दिवशी नवरदेवाला चर्चच्या कायद्याने लग्न करण्याची मोकळीकच नव्हती. ती मिळायला आणखी चार वर्षे गेली. या लग्नातून उभ्या राहिलेल्या पोर्तुगालच्या आविश राजघराण्याचा इतिहास समजून घ्यायचा तर या चार वर्षांपाशी थांबावे लागते.

फिलिपाचा जन्म १३६० मध्ये इंग्लंडमधील लेस्टरचा. वडील जॉन ऑफ गाँट म्हणजे राजा तिसऱ्या एडवर्डचा मुलगा, आणि आई ब्लान्श ही लँकेस्टरच्या अफाट जहागिरीची वारस. फिलिपा आठ वर्षांची असताना आई गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले ते कॅस्टिलच्या पदच्युत राजाच्या मुलीशी, कॉन्स्टन्सशी, आणि तेव्हापासून ते स्वतःला कॅस्टिलचे राजे म्हणवू लागले. फिलिपाच्या नशिबाला कलाटणी मिळाली ती वडिलांच्या या हट्टामुळे. एरवी सव्विशीपर्यंत बिनलग्नाची राहिलेली राजकन्या त्या काळी क्वचितच आढळे.

पोर्तुगालमध्ये १३८३ पासून गादीचा वाद पेटला होता. मेलेल्या राजाची एकुलती मुलगी कॅस्टिलच्या राजाला दिलेली, म्हणजे तिला गादी देणे म्हणजे राज्यच शेजाऱ्याच्या हवाली करणे. विरोधकांचा पुढारी होता जुआंव, त्याच्याही आधीच्या राजाचा अनौरस मुलगा आणि आविश या लढवय्या धर्मसंघाचा प्रमुख. सहा-सात वर्षांचा असतानाच त्याला या पदावर बसवले होते. संघ सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्याशांच्या परंपरेतला, त्यामुळे सरदारांना ब्रह्मचर्याचे व्रत बंधनकारक होते. (जुआंवला त्या आधीच इनेश पिरेश हिच्यापासून दोन मुले झाली होती. व्रत आणि व्यवहार यांत तेव्हा बरेच अंतर असे.)

एप्रिल १३८५ मध्ये कोईंब्रा येथे भरलेल्या सभेत जुआंवला राजा म्हणून निवडले गेले. तिथे त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या कायदेपंडिताने जो युक्तिवाद केला, तो पुढे राजावरच उलटू शकणारा होता. गादीवर हक्क सांगू शकतील असे जुआंवचे दोन सावत्र भाऊ होते, इनेश द काश्त्रूचे मुलगे. त्यांचा हक्क मोडून काढताना पंडिताने सांगितले की त्यांच्या आईवडिलांचे लग्न सिद्धच होत नाही, आणि झाले असेल तरी वधूवर जवळचे नातलग असल्याने पोपची सूट हवी होती, ती मिळालेली नव्हती. पोपच्या परवानगीशिवाय लग्न नाही आणि लग्न नाही तर वारस नाही, असा तो साधा, धारदार मुद्दा होता. सभेने तो उचलून धरला. दोनच वर्षांनी याच राजाने पोपची सूट हातात नसताना लग्न केले.

ऑगस्ट १३८५ मध्ये आल्जुबारोटाची लढाई जिंकून जुआंवने गादी टिकवली. मे १३८६ मध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात विंडसरचा तह झाला आणि त्याच उन्हाळ्यात गाँट आपली बायको, तीन मुली आणि फौज घेऊन गॅलिसियाच्या किनाऱ्यावर उतरला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोंत दु मोरू या सरहद्दीवरच्या पुलापाशी दोघांची भेट झाली. मदतीच्या बदल्यात जुआंवला गाँटची एक मुलगी मिळणार होती. पर्याय दोन होते. धाकटी कॅथरिन ही कॉन्स्टन्सची मुलगी, म्हणजे तिच्याबरोबर कॅस्टिलच्या गादीचा हक्कही आला असता. जुआंवने थोरली फिलिपा निवडली. कॅथरिन घरात आणणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे युद्ध ओढवून घेणे, हे त्याने ओळखले होते. त्याच्या साऱ्या कारकिर्दीतला हा मला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. फिलिपाची निवड तिच्या रूपागुणांवरून झाली नव्हती. कॅस्टिलवर तिचा काही दावा नव्हता, हेच तिच्या बाजूचे मोठे कारण होते.

वाग्दान झाले, फिलिपाला पोर्तोला पाठवण्यात आले आणि ती बिशपच्या वाड्यात राहू लागली. राजा मात्र चालढकल करत राहिला. शेवटी ध्यानात आले की ईस्टरच्या आधीचा, लग्नांना मनाई असलेला काळ तोंडावर आला आहे. त्या वर्षी तो ३ फेब्रुवारीला सुरू होत होता. राजा घाईघाईने रात्रीचा प्रवास करून पोर्तोत पोहोचला आणि २ फेब्रुवारी १३८७ रोजी बिशपने विवाहाला आशीर्वाद दिला. थाटामाटाचा समारंभ १४ तारखेला झाला. पंचांगातली एक तारीख टळू नये म्हणून एवढी धावपळ झाली, आणि व्रतातून सुटका मात्र मागे राहून गेली.

ही सुटका का अडली, याचे उत्तर रोममध्ये आहे. १३७८ पासून पोप दोन होते, एक रोमला आणि दुसरा अव्हिन्याँला. कॅस्टिल आणि फ्रान्स अव्हिन्याँच्या बाजूला, इंग्लंड रोमच्या. पोर्तुगालच्या आधीच्या राजाने तर या प्रश्नावर बाजू बदलत वेळ काढला होता. जुआंव रोमच्या गोटात आला तो इंग्लंडच्या सोबतीने, त्यामुळे सूट मागायची ती रोमच्या सहाव्या अर्बनकडे. पोर्तुगीज बाजूचे म्हणणे असे की अर्बनने तोंडी होकार दिला होता. पण लेखी पत्र निघण्यापूर्वीच, ऑक्टोबर १३८९ मध्ये, तो मरण पावला. कॅस्टिलच्या दरबाराला यापेक्षा सोयीची गोष्ट कोणती? त्यांच्या दृष्टीने जुआंव हा अनौरस, व्रतभंग केलेला आणि गादी बळकावलेला माणूस होता, आणि फिलिपा त्याची धर्मपत्नी नव्हतीच. अखेर फेब्रुवारी १३९१ मध्ये नवा पोप नववा बॉनिफेस याने पत्रे दिली. जुआंवला व्रतातून मोकळे केले, लग्न वैध ठरवले, मुलांना औरसपणा दिला.

काही अभ्यासक याला निव्वळ कागदी सोपस्कार मानतात. राजाला सूट मिळणारच होती, उशीर दळणवळणामुळे आणि पोपच्या मृत्यूमुळे झाला, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. ज्या सभेने जुआंवला राजा केले, तिनेच हा सोपस्कार इतका निर्णायक मानला होता की त्यावर दोन राजपुत्रांचा वारसा रद्द केला. तोच निकष चार वर्षे तिच्या राजाला लागू होत होता. त्याची झळ सर्वांत जास्त फिलिपाला बसणार होती. पुरुषाला पुन्हा लग्न करता आले असते. अवैध ठरलेल्या लग्नातली बाई आणि तिची मुले कुठे जाणार होती? या काळात तिला दोन मुले झाली, ब्लान्शच्या नावाची मुलगी ब्रांका आणि मुलगा अफोंसु. दोघेही लहानपणीच गेली. जी सहा मुले वाढली, त्यांतला सर्वांत थोरला दुआर्त ऑक्टोबर १३९१ मधला, म्हणजे पोपच्या पत्रांनंतरचा. त्यामुळे पुढे वारशाचा प्रश्न कोणी उकरून काढू शकले नाही. आविश घराण्याला मिळालेले हे मोठेच सुदैव होते, आणि त्याची दखल फारशी घेतली जात नाही.

तोवर वडिलांचा डाव आटोपला होता. १३८७ ची कॅस्टिलवरची मोहीम रोगराई आणि अन्नटंचाईत बुडाली. १३८८ मध्ये गाँटने सहा लाख फ्रँक रोख आणि वर्षाला चाळीस हजार फ्रँक घेऊन आपला दावा सोडला आणि कॅथरिन कॅस्टिलच्या युवराजाला दिली. सावत्र बहिणी अशा दोन शत्रुराज्यांच्या राण्या झाल्या. पुढे कॅथरिन आपल्या लहान मुलाच्या नावाने कॅस्टिलचा कारभार पाहू लागली आणि १४११ मध्ये दोन्ही राज्यांत तह झाला. या तहाचे श्रेय नेहमी पुरुष मंत्र्यांना दिले जाते. दोन्ही सिंहासनांजवळ गाँटच्या मुली होत्या, हे सांगायचे राहून जाते.

दरबारातल्या फिलिपाबद्दल लिहिले गेले ते बहुधा तिच्या धार्मिकतेबद्दल. सॉल्झबरीच्या प्रथेप्रमाणे ती प्रार्थना म्हणे, मुलांनाही तीच शिकवण मिळाली. पण ती राजकारणापासून दूर नव्हती. १३९९ मध्ये तिचा सख्खा भाऊ इंग्लंडचा राजा झाल्यावर तिच्या शब्दाला वजन आले. इनेश पिरेशच्या मुलीचे, म्हणजे आपल्या सावत्र मुलीचे, लग्न १४०५ मध्ये इंग्लंडमधल्या अरुंडेलच्या अर्लशी झाले, त्यात तिचा हात होता. सावत्र मुलगा अफोंसु मात्र पुढे तिच्याच एका मुलाच्या मुळावर उठला.

जुलै १४१५ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या सेउतावर स्वारीची तयारी चालू असतानाच लिस्बनजवळ ती प्लेगने वारली. मृत्युशय्येवर तिने तीन मोठ्या मुलांना तलवारी दिल्या, दुआर्तला प्रजेच्या न्यायासाठी, पेद्रुला स्त्रियांच्या रक्षणासाठी, हेन्रीला सरदारांच्या सांभाळासाठी, असे बखरकार लिहितो. पुढे महिन्याभरात, २१ ऑगस्टला, सेउता पडले. पण ही बखर पस्तीसेक वर्षांनी लिहिलेली आहे आणि तिच्या मुख्य माहितीदारांपैकी एक खुद्द हेन्री आहे. आफ्रिकेतल्या युद्धाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता तोच. आईने स्वारीला आशीर्वाद दिला असेलही, पण तिच्या तोंडी घातलेली लांबलचक भाषणे तिचीच समजून चालणे धोक्याचे आहे.

आफ्रिकेच्या ओढीची किंमत घरानेच मोजली. १४३७ मध्ये टँजियरची मोहीम फसली, धाकटा फेर्नांदु ओलीस राहिला. सेउता परत देऊन त्याला सोडवायचे की नाही, यावर काथ्याकूट होत राहिला आणि १४४३ मध्ये तो फेझच्या कैदेत मेला. राज्यकारभार पाहिलेला पेद्रु १४४९ मध्ये आल्फारोबेइराच्या लढाईत पुतण्याच्या, म्हणजे राजाच्याच, फौजेकडून मारला गेला. त्याच्या विरुद्ध राजाचे कान भरणाऱ्यांत सावत्र भाऊ अफोंसु पुढे होता. मुलगी इझाबेल १४३० मध्ये बर्गंडीला गेली आणि तिथल्या कारभारात मुरली. आणखी एक धागा फार लोक जोडत नाहीत. फिलिपाच्या जुआंव नावाच्या मुलाची मुलगी कॅथरिनच्या मुलाला दिली होती. त्यांची मुलगी म्हणजे कोलंबसला पाठवणारी कॅस्टिलची इझाबेला. पोंत दु मोरूच्या पुलाशी ज्या दोघींपैकी एकीची निवड झाली, त्या दोघींचीही ती वंशज.

गोव्याशी आणि मुंबईशी असलेला संबंध याच वंशावळीतून येतो. वास्को द गामाला धाडणारा आणि ज्याच्या राज्यात १५१० मध्ये गोवा घेतले गेले तो मानुएल राजा, आई आणि वडील दोन्हींकडून फिलिपाचा पणतू. सावत्र मुलगा अफोंसु याने ब्रागांझा घराणे उभे केले. पुढे त्या घराण्यात मानुएलची एक नात दिली गेली आणि १६४० पासून गादी त्यांच्याकडे आली. ज्या कॅथरिनच्या लग्नकरारात १६६१ मध्ये मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, ती याच घराण्यातली. म्हणजे तीही फिलिपाच्याच रक्ताची, आणि १३८६ च्या मैत्रीतूनच पुन्हा इंग्लंडमध्ये दिलेली मुलगी.

ही मैत्री आजही कागदावर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, तिचाच हवाला देऊन ब्रिटनने अझोर्स बेटांवर तळ मागितले आणि ते मिळाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यासाठी लिस्बनने लंडनकडे धाव घेतली, तेव्हा मात्र राष्ट्रकुलातल्या भारताविरुद्ध उभे राहायला लंडनने नकार दिला.