निकालनिश्चिती (निवडणुकीतील)

निवडणुकीत कोण निवडून आले किंवा लोकांपुढे ठेवलेल्या प्रश्नाचा कौल कोणत्या बाजूने लागला, हे कायद्याने ठरविण्याची रीत. मतमोजणी हा तिचा एक टप्पा आहे. सातारा-सांगलीकडे गुलाल उधळला की निकाल लागला असे मानतात. कायद्याला गुलाल ठाऊक नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६६ प्रमाणे निवडणूक निर्णय अधिकारी निकाल घोषित करतो आणि कलम ६७क प्रमाणे घोषणेचा दिवस हाच निवडीचा दिवस ठरतो. फेरमोजणीचा लेखी अर्ज करायचा तो मोजणी संपल्यावर आणि निकालपत्रावर सही होण्यापूर्वी (निवडणूक आचार नियम, १९६१, नियम ६३). ही फट काही मिनिटांची असते. सही झाल्यावर अधिकाऱ्याला आपलीच चूक दुरुस्त करता येत नाही. पुढचा मार्ग न्यायालयाचा.

या भागातील पूर्वपीठिका : औंध संस्थानापासून ती सांगण्याची प्रथा आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ च्या अखेरीस प्रजेला स्वराज्य देण्याची घोषणा केली आणि १९३९ च्या आरंभी संस्थानाची घटना अमलात आली. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर संस्थानातील आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात आहे. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची आणि पंचायतींच्या प्रमुखांमधून वरची मंडळे उभी राहायची, अशी ही रचना होती. घटनेचे श्रेय कोणाचे याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक ते महात्मा गांधींना देतात, काही पोलंडमधून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांना, तर काही राजपुत्र अप्पासाहेब पंत यांना. मसुद्यावर गांधींचा हात फिरला हे निर्विवाद आहे. तथापि दैनंदिन घडणीत फ्रीडमन आणि पंत यांचा वाटा अधिक दिसतो. मताधिकाराला साक्षरतेची अट असावी, ही सूचना मात्र गांधींची होती. पुढे भारतीय प्रजासत्ताकाने ही अट न घालता निरक्षर मतदारासाठी चिन्हाचा मार्ग पत्करला. सातारा जिल्ह्यातला अलीकडचा सर्वांत गाजलेला निकालवाद या चिन्हातूनच निघाला, तो पुढे येतोच.

बहुमताचा अर्थ : लोकसभा व विधानसभेसाठी निम्म्याहून अधिक मतांची गरज नाही, इतर प्रत्येकाहून एक मत जास्त पुरते. सांगलीत २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत संजयकाका पाटील सुमारे ५ लाख ९ हजार मते घेऊन विजयी झाले, तर विशाल पाटील व गोपीचंद पडळकर या दोघांच्या मतांची बेरीज सुमारे ६ लाख ४५ हजार होती. २०२४ मध्ये तेथेच विशाल पाटील अपक्ष म्हणून १,००,०५३ मतांनी निवडून आले. ‘यांपैकी कोणीही नाही’ (नोटा) या पर्यायाने संसद व विधिमंडळाच्या निकालावर काहीही परिणाम होत नाही, त्याला कितीही मते पडोत. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक संस्थांपुरती वेगळी वाट धरली : नोटाला काल्पनिक उमेदवार मानायचे आणि त्याला सर्वाधिक मते पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची.

चिन्ह आणि मतदाराचा हेतू : २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यातून उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी विजयी झाले. पराभूत शशिकांत शिंदे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते. यंत्रावर ‘ट्रम्पेट’ हे चिन्ह असलेला एक अपक्षही होता आणि त्या चिन्हाचे मराठी नाव यादीत ‘तुतारी’ असेच दिले होते; लोक तिला पिपाणी म्हणू लागले. या अपक्षाला ३७ हजारांवर मते मिळाली, म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा जास्त. ही सारी मते चुकून गेली असा एक दावा, तर तसे गृहीत धरण्यास आधार नाही असा दुसरा. कायद्याच्या दृष्टीने दुसरी बाजू भक्कम आहे, कारण मत ज्या बटणावर पडले त्याचेच असते आणि मतदाराच्या मनात काय होते हा मोजणीचा विषय नाही. निवडणूक याचिकेत अनियमितता दाखवून भागत नाही, तिचा निकालावर वास्तविक परिणाम झाला हेही सिद्ध करावे लागते (कलम १००). गुप्त मतदानात ते जवळजवळ अशक्य असते. चिन्हाचे भाषांतर ही कारकुनी बाब समजली जाते, हा समज तपासण्याजोगा आहे.

समान मते : कलम ६५ प्रमाणे अधिकारी तेथेच चिठ्ठी काढतो, ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्या उमेदवाराला एक जादा मत मिळाले असे धरले जाते. म्हणजे कायदा नशिबाला थेट विजय देत नाही, एक मत देतो आणि विजय मताचाच राहतो. ही कल्पना वरवर खुळी वाटते, पण ‘सर्वाधिक मते’ हे सूत्र तिच्यामुळे अभंग राहते. याचिकेच्या सुनावणीत मते समान निघाली तर हाच उपाय उच्च न्यायालयाकडे आहे (कलम १०२). चिठ्ठी कशी काढावी हे कलम सांगत नाही. नावाच्या घड्या बरणीत टाकून लहान मुलाकडून एक उचलून घेण्याची चाल रूढ आहे. सहकारी संस्थांत मतदार थोडे, म्हणून असे प्रसंग अधिक येतात. सातारा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या नोव्हेंबर २०२१ च्या निवडणुकीत जावळी सोसायटी मतदारसंघात शशिकांत शिंदे एका मताने (२४ विरुद्ध २५) पराभूत झाले, तर कोरेगावात मते समान पडून निकाल चिठ्ठीवर गेला. येथे मत देतो तो सोसायटीने ठराव करून पाठवलेला प्रतिनिधी. मोजणीपूर्वीचा खरा वाद या ठरावांवरच होतो.

प्रश्नावरील मतदान, आडवी बाटली : भारतात सार्वमताची सर्वसाधारण तरतूद नाही. महाराष्ट्रात तिच्या सर्वांत जवळ जाते ते दारू दुकान बंदीचे मतदान. मुंबई (आता महाराष्ट्र) दारूबंदी अधिनियम, १९४९ खालील २००८ च्या आदेशाने त्याची सध्याची रीत ठरली. गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी अथवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सह्यांचे निवेदन द्यायचे, सह्यांची पडताळणी व्हायची, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रे : उभी बाटली म्हणजे दुकान राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे.

खरी मेख छेदात आहे. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते लागतात ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या. समजा, गावात १,००० महिला मतदार आहेत, ६०० जणी आल्या आणि ४८० जणींनी आडवी बाटली निवडली. आलेल्यांत हे प्रमाण ८० टक्के, तरीही दुकान चालू राहते, कारण ५०१ हवी होती. यादीतील मृत, लग्न होऊन गेलेल्या आणि मुंबई-पुण्याला राहणाऱ्या स्त्रिया अशा रीतीने उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. माण, खटाव, जत, आटपाडी अशा स्थलांतराच्या तालुक्यांत हा भार उघडच जड आहे. परवानाधारकाचा व्यवसाय तुटपुंज्या मतदानावर बंद होऊ नये, असे या अटीचे समर्थन केले जाते आणि ते अगदी निराधार नाही. पण आमदार निवडताना गैरहजर मतदार कोणाच्याच बाजूने धरत नाहीत, हा आक्षेप अधिक सयुक्तिक वाटतो. बंद होते ते परवान्याचे दुकान. हातभट्टीला परवानाच नसल्याने या मतदानाशी तिचा संबंध येत नाही.

थेट निवडून आलेल्या सरपंचावरील अविश्वास ठरावातही असाच दुहेरी उंबरठा आहे : सदस्यांचे तीन-चतुर्थांश बहुमत आणि त्यानंतर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने मान्यता. साधा ग्रामसभेचा ठराव मात्र निकाल बदलू शकत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर कराड तालुक्यातील कोळेवाडीने मतपत्रिकेवर मतदान घेण्याचा ठराव केला. त्याचे मोल राजकीय आहे.

निकालाला आव्हान : संविधानाच्या अनुच्छेद ३२९ मुळे संसद व विधिमंडळाच्या निवडणुकीस याचिकेवाचून आव्हान देता येत नाही. याचिका उच्च न्यायालयात, निवडीच्या दिवसापासून ४५ दिवसांत. ग्रामपंचायतीसाठी मुदत निकालाच्या घोषणेपासून १५ दिवसांची आणि अर्ज दिवाणी न्यायाधीशाकडे. विजयी उमेदवाराची निवड रद्द झाली तरी दुसऱ्या क्रमांकाचा आपोआप निवडून येत नाही. वैध मते आपल्यालाच अधिक होती, किंवा भ्रष्टाचाराने मिळवलेली मते वगळता तशी ठरली असती, हे त्याला कलम १०१ खाली स्वतंत्रपणे दाखवावे लागते. न जमल्यास जागा रिकामी होते आणि पोटनिवडणूक लागते.